पाटलांचं बोट आणि शेवंताबाईंचा पाय

देऊळगावच्या बाजारात अजूनही कुणीतरी मला थांबवतं. "सिस्टर, वळखलं काय?" मी चेहऱ्याकडे पाहते. काहीच आठवत नाही. मग नजर आपोआप खाली जाते आणि पाय दिसला, की सगळं आठवतं. टाच, घोटा, नखाचा कोपरा, त्यावर हा माणूस काय काय फासून आला होता, आणि किती वेळा खोटं बोलला होता. माझ्या यजमानांना याची फार लाज वाटते. बायको भर बाजारात परक्या माणसाच्या पायाकडे टक लावून "वा, जखम छान भरली हो!" म्हणते, हे निवृत्त मुख्याध्यापकाला कसं सोसावं?

मी मूळची पिंपळगाव राजाची. नोकरीचा बराचसा काळ मात्र जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला, देऊळगावच्याच सरकारी दवाखान्यात गेला, आणि त्यातलाही बराचसा ड्रेसिंगच्या खोलीत. बाळंतपणाच्या खोलीतल्या सिस्टरला साडी मिळते, मान मिळतो, एखादी बाई पोरीला तिचं नावही ठेवते. ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरला वास मिळतो. तरीही मी ती खोली मागून घेतली होती. कारण तापाच्या रोग्याच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. जखम मात्र उघड्यावर असते. आपण चुकलो तर चार दिवसांत तोंडावर सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जखम म्हणजे मलम लावायचं आणि पट्टी बांधायची. खरं तर जखम तळापासून वर भरते. वरून खपली धरली आणि आत पू राहिला, तर ते चोराला घरात ठेवून दाराला कडी लावण्यासारखं. तळाशी लाल दाणेदार मांस दिसलं की आम्ही खूश. पिवळी साय धरली तर ती काढायची. काळं पडलं तर डॉक्टरांना हाक मारायची. सगळं नीट चाललं, की कडेने नवी कातडी आत सरकू लागते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि गुलाबी. आपण तिच्या आड यायचं नाही, एवढंच. पण आड न येण्याचा पगार सिस्टरला मिळतो, हे लोकांना पटत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला आम्ही जखमेवर एक औषध ओतायचो. त्याचा भसाभस पांढरा फेस यायचा. रोगी कळवळायचा आणि समाधानाने घरी जायचा. पुढे प्रशिक्षणात सांगितलं, की तो फेस घाणीसोबत नवं मांसही जाळतो, साध्या सलाईनने धुवा. मी फेस बंद केला आणि माझी पत गेली. एक म्हातारा तोंडावर म्हणाला, "पह्यली सिस्टर बरी होती, फेस काढे. तुमी तं नुसतं पानी टाकता." ती पहिली सिस्टर मीच होते. तेव्हा बारीक होते, एवढाच फरक. दुसरा एक गावातला शिंपी. पोटरीवरचे टाके पाहून मान हलवत म्हणाला, "हे तं कच्ची शिलाई झाली, सिस्टर." टाके काढताना मी त्याला म्हटलं, "कच्चीच पायजे, उसवाची असते." तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

अशा खोलीत एका सकाळी भानुदास पाटील आले.

पाटील साखरखेर्ड्याकडचे. मळ्यात टोमॅटो, वांगी, मिरची. घरात मुलगा, सून, म्हशी. गावात शब्दाला वजन. पांढरे कपडे, टोपी, एका पायात करकरीत चप्पल आणि दुसऱ्या पायाला खताच्या गोणीचं प्लॅस्टिक सुतळीने बांधलेलं. सोबत सल्ला देणारी दोन-तीन माणसं, आणि त्या सगळ्यांच्या मागे दारात एक बाई. हातात पिशवी, डोक्यावर पदर. ती आत आली नाही, बसलीही नाही.

मी सुतळी सोडली. वरचा थर हळदीचा निघाला. त्याखाली तंबाखू. त्याखाली कसलातरी वाटलेला पाला. आणि सगळ्यात खाली पांढरं काहीतरी, पुदिन्याच्या वासाचं.

"पाटील, हे टूथपेस्ट हाय का?"

"हाव. थंड पडते म्हन्ले."

"कोन म्हन्ले?"

"मोबाइलवर आलं होतं."

सगळं धुऊन निघाल्यावर पायाच्या अंगठ्याखाली एक भोक दिसलं. बाहेरून लहान, आत खोल. चपलेतून खिळा वर आला होता आणि पाटील त्या खिळ्यावर मळाभर फिरले होते. त्यांना पत्ताच नव्हता. घरात सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा बायकोने पाय उलटून पाहिला.

"दुखत नाही बरं का सिस्टर, अजिबात," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आपला पाय मर्द आहे, असा त्या बोलण्याचा सूर होता.

"शुगर हाय का?"

"हाय. पन थोडीशी."

थोडीशी शुगर असलेली माणसं मी फार पाहिली. त्यांना पथ्यही थोडंसंच हवं असतं. साखर वाढली की पायाच्या नसा हळूहळू मरतात, मग खिळा काय आणि विस्तव काय, पायाला कळतच नाही. दुखत नाही म्हणणारा रोगी आला, की म्हणूनच मी आधी डॉक्टरांना हाक मारते. ओरडणाऱ्याची मला काळजी नसते.

आमचे सर्जन डॉक्टर साबळे तरुण होते, कमी बोलायचे. त्यांनी भोकात बारीक सळई घालून खोली पाहिली. ती हाडाला टेकली. "पाटील, हाडापर्यंत गेलंय. अंगठा काढावा लागेल. आत्ता काढला तर पाय वाचेल."

"एका खिळ्यापायी?" पाटील उठून बसले. "अन् लोकं काय म्हन्तीन? पाटील लंगडा झाला?"

लोकांनी काय म्हणायचं ते सोबतच्या लोकांनी लगेच म्हटलं. कुणाच्या मेहुण्याचा पाय अशाच एका लेपाने आठवड्यात बरा झाला होता. मी खूप समजावलं, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. पाटील लेपवाल्याकडे गेले. दारातली बाई जाताना एकदा मागे वळून माझ्याकडे पाहत राहिली.

परत आले तेव्हा अंगठा काळा झाला होता आणि ताप चढला होता. त्याच दिवशी डॉक्टरांनी अंगठा काढला. पाय वाचला. लेपवाल्याचं नाव पाटलांनी त्यानंतर कधी घेतलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. असे परत न आलेले रोगी मला माहीत आहेत. त्यांतल्या एकाला मी पुढे बाजारात पाहिलं, तेव्हा खाली पाहायला पायच नव्हता.

पाटील पुरुषांच्या वॉर्डात पडून राहिले आणि त्यांचा दरबार सुरू झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण पेढे घेऊन यायचा. साखरेच्या रोग्याला भेटायला मिठाई न्यायची, हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. आमच्या वॉर्डातल्या कमलमावशी दारातच खोकी जप्त करायच्या आणि पाटलांशी रोज भांडायच्या. दारातली ती बाई म्हणजे पाटलांची बायको, शेवंताबाई. ती रोज सकाळच्या बसने, गावातल्या कुणाच्यातरी सोबतीने, डबा घेऊन यायची, उभ्याउभ्याच नवऱ्याला वाढायची, मी ड्रेसिंग करताना दारात थांबायची, आणि दुपारच्या बसने परत जायची. बसायला सांगितलं की म्हणायची, "बरं हाय इथंच."

एक दिवस कमलमावशी फरशी पुसताना चिडल्या. "सिस्टर, पाटलाचं ड्रेसिंग गळून राह्यलं. रोज इथं पिवळं डाग पडते."

मी जाऊन पाहिलं. डाग दाराशी होता. पाटील पलंगावर होते, आणि ऑपरेशननंतर त्यांनी पाय जमिनीला लावलेलाच नव्हता. मी वर पाहिलं. दारात शेवंताबाई उभी होती. तिने पटकन एक पाय दुसऱ्यामागे घेतला.

"शेवंताबाई, जरा ड्रेसिंगच्या खोलीत या."

"मी कायले? मी डबा द्याले आली होती."

"पाय दाखवा."

"कोनता?"

"लपवून राह्यल्या तो."

तिने आधी दाराकडे पाहिलं. मी दार लोटलं, तेव्हा तिने लुगड्याचा काठ घोट्याच्या वर घेतला. आत जुन्या धोतराची पट्टी होती, ओली आणि मांसाला चिकटलेली. मी सलाईन टाकून वाट पाहत राहिले, तर म्हणाली, "वढून टाका न सिस्टर. मी रोज वढते."

घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, तळहाताएवढी जखम होती. भोवतालची कातडी काळपट आणि लाकडासारखी टणक. एक वॉर्ड, एक डॉक्टर, आम्ही सिस्टर मंडळी आणि पाटलांचा अख्खा दरबार ज्या अंगठ्याभोवती जमला होता, त्याच्यापेक्षा मोठी जखम रोज बसने त्याच अंगठ्यासाठी डबा घेऊन येत होती.

"कधीपासून हाय?"

"मोठ्या पोरीच्या बाळंतपनात खाज सुटली. खाजोलं, तं फुटलं." मोठ्या पोरीचा मुलगा तेव्हा शाळेत जायला लागला होता.

"दुखते?"

मी काही भलतंच विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "दुखते तं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमी मालकाचं बोट पाहून राह्यल्या होत्या न," ती म्हणाली. "मधात कसं बोलाव?"

बोलण्यात कडवटपणा नव्हता. रांगेत आपला नंबर नव्हता, एवढंच ती सांगत होती.

डॉक्टर साबळ्यांनी तिच्या पावलावर बोटं ठेवून नाडी पाहिली. नाडी उत्तम होती. रक्त पायात उतरत होतं, पण शिरांच्या झडपा कामातून गेल्यामुळे परत वर चढत नव्हतं. साचून साचून कातडी सडली होती. अशा पायाला मलमाने काही होत नाही. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत ताणली जाणारी लवचीक पट्टी आवळून बांधायची, घोट्याला जास्त, वर कमी; आणि पाय वर ठेवायचा.

"अन् औषध?" शेवंताबाईने विचारलं.

"हेच औषध," मी म्हटलं. "आडवं पडाचं अन् पाय उशीवर, छातीच्या वर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी."

त्या बाईला मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. तोंडाला पदर लावून हसली. "दिवसा? आडवी पडून? मानसायपुढं पाय वर करून?" मग गंभीर झाली. "दुसरं काही इंजेक्शन नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे औषध यांच्या गावात मिळणार नाही. भरती करून घ्या."

महिलांचा वॉर्ड पुरुषांच्या वॉर्डाला लागूनच होता. पाटलांना कळलं तेव्हा ते संतापले. "तिले काऊन भरती केलं? तिले काय झालं? ती तं चालून-फिरून राह्यली!"

"तुमीबी चालतच आले होते, पाटील," कमलमावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून डबा उशिरा येऊ लागला. कधी मीठ नसायचं, कधी भाजीच नसायची. मुलगा घाईत डबा ठेवून जायचा. मग पाटलांना टाचेवर भार देऊन वॉकरने चालायची परवानगी मिळाली आणि ते महिलांच्या वॉर्डाच्या खिडकीशी येऊ लागले.

"ऐकलं का? पान्याच्या मोटारीच्या खोलीची चाबी कुठं हाय? पोरगा इचारून राह्यला."

"देव्हाऱ्यामागं, खुंटीले," आतून उत्तर यायचं.

"म्हैस दूध काऊन देत नाही?"

"सरकी भिजवून द्या म्हना. कोरडी खात नाही ते."

"मिरचीचं रोप कोनाकडून आनलं होतं आपन?"

उशीवर पाय ठेवून, छताकडे पाहत शेवंताबाई सगळा मळा चालवायची. वॉर्डातल्या बाया पुढे पुढे खिडकीची वाटच पाहायच्या. "आले, आले," म्हणून एकमेकींना खुणवायच्या.

एकदा पाटील आले तेव्हा मी तिचं ड्रेसिंग करत होते. पडदा ओढला होता, पण खिडकीकडून तो पुरत नव्हता. बोलता बोलता पाटील एकदम गप्प झाले. मी वळून पाहिलं. त्यांची नजर त्या घोट्यावर खिळली होती.

"हे कवाचं?"

शेवंताबाईने चादर ओढली. "जुनंच हाय."

"मले काऊन नाही सांगतलं?"

पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग मला म्हणाले, "कापा लागते का, सिस्टर?" पोटच्या पोराबद्दल विचारावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

"नाही. पट्टीनंच भरते. वेळ लागीन."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यले, पाटील."

ते वॉकर वळवून निघाले. गेले आणि पुन्हा परत आले. "तिले शुगर हाय का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी कमलमावशी पेढ्यांचं खोकं घेऊन महिलांच्या वॉर्डात आल्या. चेहरा असा, की जगात काहीतरी उलटं झालंय. "पाटलानं देल्लं. म्हने, शेवंतेले द्या, तिले चालते."

शेवंताबाईने खोकं मांडीवर घेतलं, उघडलं, आणि पहिल्यांदा मला, मग कमलमावशीला, मग पलंगापलंगाने सगळ्या बायांना पेढा दिला. शेवटी उरलेला हातात धरून बसली. मी म्हटलं, "खा न." तिने भिंतीकडे तोंड केलं आणि खाल्ला.

इथे गोष्ट संपवली असती तर पाटील सुधारले असं वाचकांना वाटलं असतं. माणसं जखमांपेक्षा सावकाश भरतात. घरी गेल्यावर पाटील गावातले साखरेचे तज्ज्ञ झाले. मऊ काळ्या रबराची चप्पल घालून पारावर बसायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, "रोज पाय उलटे करून पाहा, हळद-फिळद लावू नका." सल्ला अगदी बरोबर होता. फक्त घरात दुपारी बायको आडवी पडली की त्यांना नेमकी चहाची तलफ यायची, असं शेवंताबाईच मला सांगायची.

ती ड्रेसिंगला यायची. सुरुवातीला मुलगा मोटारसायकलवर सोडायचा. मग मिरचीचा तोडा सुरू झाला, त्याला वेळ होईना, आणि शेवंताबाई एकटी बसने येऊ लागली. पहिल्या खेपेला वाहकाशेजारी बसून आली आणि घाबरलेली होती. नंतर नंतर लवकर यायला लागली. ड्रेसिंग झालं की बालाजीचं दर्शन घ्यायची, स्टँडजवळ एक कप चहा घ्यायची, बांगड्यांच्या दुकानासमोर नुसतीच उभी राहायची. पट्टी स्वतः बांधायला शिकली, तीही अशी, की एक सुरकुती नाही. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी बांधायची, हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. लग्नसराईत एकदा पुन्हा चिघळलं, कारण तीन दिवस उभ्याने पोळ्या लाटल्या होत्या. पुन्हा पट्टी, पुन्हा उशी. हिवाळा सरता सरता कडेची गुलाबी कातडी चारी बाजूंनी येऊन मध्ये मिळाली.

त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. डॉक्टरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "उत्तम. आता ड्रेसिंगची गरज नाही." मी म्हटलं, "शेवंताबाई, सुटल्या! आता याची गरज नाही."

तिचा चेहरा पडला.

"म्हंजे आता इथं याचं नाही?"

"आता कायले याचं? बरं झालं न."

"हाव," ती म्हणाली. लुगड्याचा काठ खाली केला. "मंग आता मी कोनत्या निमितानं येऊ?"

डॉक्टर दाराकडे निघाले होते, ते थांबले. परत आले, आणि अगदी औषधाच्या सुरात म्हणाले, "शिरा बऱ्या झालेल्या नाहीत. पट्टी आयुष्यभर बांधावी लागते. नाहीतर जखम पुन्हा फुटते. महिन्याला एकदा पाय तपासून घ्यायलाच हवा." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तिने पिशवीतून मुलाने दिलेला लहान मोबाइल काढला. "मंग हे मालकाले तुमीच सांगा सिस्टर. माह्यं ऐकत नाहीत."

मी फोन लावला आणि दोघींना ऐकू येईल असा ठेवला. पाय भरला म्हटल्यावर पाटील मोठ्याने म्हणाले, "वा! मंग आता येनं-जानं बंद." मी महिन्याच्या तपासणीचं सांगितलं.

"कवापर्यंत?"

"जन्मभर, पाटील."

"जन्मभर? अन् त्या दिवशी घरची भाकर कोन करीन?"

मी तोंड उघडणार, तोच शेवंताबाईने फोन आपल्याकडे ओढला. जरा वाकून, शब्द सांडू नयेत अशा बेताने त्यात बोलली, "सून मळ्यात राहीन. तुमचं पायाचं बोट गेलं. हाताचे दाही हायेत."

पलीकडून पाटील "अवं, पन…" म्हणत होते. तिने मान वर करून मला विचारलं, "हे बंद कोनतं बटन दाबून होते?"

मी लाल बटण दाखवलं. तिने ते अंगठ्याने जोरात दाबलं, फोन पिशवीत तळाशी टाकला, आणि दुपारच्या बसला अजून वेळ आहे ना, एवढं विचारून बांगड्यांच्या दुकानाकडे निघाली.